अण्णाची बीडी, माझी किडनी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझा थोरला भाऊ श्रावणातल्या एका सोमवारी, घरी आलेल्या स्वामींसमोर, वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, मला माफ कर. थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडायचं नसतं. मी पाय मागं घेतले नाहीत. मी म्हणालो, "माफ केलं." ज्या गोष्टीची तो माफी मागत होता ती त्याच्यामुळं घडली की माझ्यामुळं, हे कुणालाच ठामपणे सांगता आलं नसतं. पण ते ठामपणे सांगता येत नाही, एवढं मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. मीच ते त्याला कळू दिलं नव्हतं.

अण्णाचं पालमला भांड्याचं दुकान. वडिलांनी उघडलेलं, अण्णानं वाढवलेलं. मी शिकलो म्हणून परभणीला कृषी विद्यापीठात चिकटलो, आणि दुकान त्याच्या वाट्याला आलं. लग्नसराईत पोरींच्या रुखवताची भांडी घ्यायला खेड्यापाड्यांतून माणसं यायची. भांडं विकलं की त्यावर नाव घालून द्यायचं काम अण्णा स्वतः करायचा. त्याच्या हातातलं ते मशीन कुर्रर्र करायला लागलं की बाहेर बसलेलं कुत्रं उठून जायचं. अक्षर मात्र असं, की छापल्यासारखं. दुकानाच्या मागच्या बोळात जाऊन तो बीडी ओढायचा. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग. घरात कुणी दारू-तंबाखूला शिवत नाही असा आमच्या घराण्याचा लौकिक, म्हणून बीडी मागच्या बोळात. आईला ठाऊक होतं, वहिनीला ठाऊक होतं, गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. फक्त चारचौघांत ते कुणी बोलायचं नाही. आमच्या घरात न बोलण्याची सवय जुनीच आहे.

मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपीनं गेल्या, डॉक्टरांनी तसंच सांगितलं. डायलिसिससाठी नांदेडला खेपा सुरू झाल्या. जाडजूड माणूस, सहा महिन्यांत त्याच्या अंगावरचा सदरा हँगरला टांगल्यासारखा दिसायला लागला. आईची किडनी वयामुळं चालणार नव्हती, वहिनीची जुळली नाही. माझी जुळली.

तेव्हा माझं लग्न ठरत आलं होतं. जिंतूरकडची मुलगी, शाळेत शिकवणारी. बघून झालं होतं, दोन्हीकडून पसंती होती. मी किडनी देणार हे कळल्यावर मुलीचे वडील एकदा परभणीला माझ्या खोलीवर आले, चहा घेतला, खोलीतल्या रोपांविषयी विचारलं आणि उठता उठता म्हणाले, "तुमचं काम पुण्याचं हाय, त्यात वाद न्हाई. पण पोरीच्या बापाला एकच किडनी दिसती बघा." मला त्यांचा राग आला नाही. आजही येत नाही. त्यानंतर कुणी आलं नाही असं नाही, पण ते येणं आणि उठता उठता काहीतरी बोलून जाणं याची मला सवय झाली, आणि पुढं मीच नको म्हणायला लागलो.

ऑपरेशन हैदराबादला झालं. आत नेताना दोघांच्याही गळ्यातली लिंगं काढावी लागली. वहिनींनी ती दोन्ही पदरात बांधून घेतली. आमच्यात लिंग अंगावर नसताना पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. शुद्धीवर आल्यावर अण्णाचे ओठ सुकलेले, आणि नर्स त्याला चमच्यानं पाणी पाजायला लागली तर हा तोंड घट्ट मिटून बसलेला.

"पी लेओ चाचा, होंट सूख गए."

"पहले लिंग लाओ."

नर्सला वाटलं माणूस भ्रमात बडबडतोय. तिनं डॉक्टरला बोलावलं. शेवटी वहिनींनी काचेच्या दाराबाहेरून पदराची गाठ सोडून दाखवली, आणि कुणीतरी ते लिंग स्पिरिटनं पुसून आत नेऊन त्याच्या हातावर ठेवलं. मग पाणी प्याला. ही गोष्ट तो पुढं वर्षानुवर्षं दुकानात सांगायचा. "मेलो असतो पण बिगर लिंगाचं पाणी पिलो नसतो," म्हणायचा. वहिनी आतून म्हणायच्या, "आन् बीडी चालायची व्हय लिंगाला?" सगळे हसायचे. तो पण हसायचा. बीडी तर सोडली होती त्यानं. ऑपरेशनच्या आधीच.

माझी किडनी त्याच्या पोटात उजव्या बाजूला, खाली, पुढच्या अंगाला बसवली होती. हात लावला की लागायची. अण्णानं तिचं नाव ठेवलं धाकटा. "धाकट्याला पाणी पाजायचंय," म्हणून तो भर गिऱ्हाइकीतून उठायचा. स्टीलचा एक तांब्या त्यानं फक्त त्यासाठी ठेवला, आणि आपल्याच मशीननं त्यावर 'धाकटा' असं नाव घातलं. मी रविवारी एस.टी.नं गंगाखेडवरून पालमला जायचो, तेव्हा दारातच विचारायचा, "तू कसा हायेस ते सांगू नको, तुला न्हाई इचारायलो. धाकट्या, तुझा भाऊ कसा हाय?" आणि पोटावर हात ठेवून ऐकल्यासारखं करायचा. "म्हणतोय, बरा हाय, पण वाळायलाय. त्याला जेवू घाला."

वहिनी ताट वाढायच्या. "भाऊजी, आता पोरगी न्हाई, तुमच्यासाठी नर्सच बघू. एका किडनीचं माणूस नर्सला चालंल."

पालममध्ये मला लोक ओळखायला लागले ते भांडेवाल्याचा भाऊ म्हणून नाही, किडनी दिलेला माणूस म्हणून. एस.टी. स्टँडवर पानवाला पैसे घेत नसे. देवळात बायका लेकरांना माझ्याकडं बोट करून दाखवायच्या. मी संकोचायचो, आणि परभणीला खोलीवर परत आलो की त्या संकोचाचीच मला सोबत व्हायची. खोलीत दुसरं काही नव्हतं. गॅसची शेगडी, एक ताट, एक वाटी, विद्यापीठातून आणलेली दोन कढीपत्त्याची रोपं. आपण काहीतरी केलेलं आहे, एवढं एक माझ्याजवळ होतं. हे लिहायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

विद्यापीठात माझं काम मोसंबीच्या रोपवाटिकेत. जंबेरी लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, बांधायचा, म्हणजे कलम तयार होतं. डोळा कुठल्या झाडाचा घ्यायचा, याला मात्र नियम आहे. ज्याची तपासणी झालेली आहे अशाच मातृवृक्षाचा घ्यायचा. शेतकरी येतात, म्हणतात, आमच्या चुलत्याच्या वावरात एक झाड हाय, लय गोड, लय हिरवं, त्याचाच डोळा बांधून द्या. मी त्यांना सांगत आलोय, की बाबा, झाड हिरवं दिसतं म्हणून निरोगी नसतं. त्याच्या अंगात विषाणू असतो आणि त्याचं त्याला काही होत नाही. जन्मभर मोसंब्या देतं. पण त्याचाच डोळा दुसऱ्या खुंटावर बांधला की ते नवं झाड दोन-चार वर्षांत वाळायला लागतं. रोग कलमाबरोबर जातो. हे मी इतक्या वेळा बोललोय, की झोपेत उठवलं तरी सांगेन.

ऑपरेशनला काही वर्षं झाल्यावर अण्णाच्या एका तपासणीत किडनीचं काम जरा बिघडलेलं दिसलं. आम्ही दोघं हैदराबादला गेलो. लघवी तपासली, रक्त तपासलं. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. अण्णा बाहेर बाकावर त्याचा तांब्या घेऊन बसला होता. डॉक्टर वयानं माझ्याएवढेच, हळू बोलणारे. हिंदीत म्हणाले, की लघवीत एक विषाणू सापडलाय. बहुतेक माणसांच्या अंगात तो लहानपणापासून असतो. सर्दीसारखा येतो, किडनीत जाऊन झोपून राहतो, माणसाला कधी कळतही नाही. पण नवीन किडनी शरीरानं फेकून देऊ नये म्हणून ज्या गोळ्या चालू असतात, त्या शरीराची राखण कमी करतात, आणि मग हा जागा होतो.

"त्याचा स्वतःचा असेल?" मी विचारलं.

"असू शकतो. पण बरेचदा दिलेल्या किडनीतूनच येतो."

ते पुढं जे म्हणाले त्यासाठी मी त्यांचा आजही आभारी आहे. म्हणाले, यात देणाऱ्याचा काही दोष नसतो. तुमच्या-माझ्यासारख्या कितीकांच्या अंगात तो असतोच. तुम्ही किडनी दिली नसती तर हा माणूस कधीच गेला असता.

हे सगळं मला समजलं. फार लवकर समजलं. टेबलावर हात ठेवून बसलो होतो आणि मी शेतकऱ्यांना ज्याच्याविषयी सांगतो ते हिरवंगार झाड मला दिसत होतं. बाहेर येऊन अण्णाला म्हणालो, "काही नाही, गोळ्या कमी केल्यात." तो म्हणाला, "बरं झालं, लय कडू होत्या." आम्ही इडली खाल्ली आणि घरी आलो. तेव्हाचं माझं गप्प बसणं मी स्वतःला माफ करू शकतो. त्याला उगाच घोर कशाला, असं मी मनाशी म्हणालो होतो आणि त्यात थोडं खरंही होतं.

गोळ्या कमी केल्यावर किडनी सावरली. दोन-तीन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी त्याला लघवीतून रक्त गेलं. दुखलं काही नाही. त्यानं ते वहिनींनाही सांगितलं नाही, मला फोन केला. "बीट खाल्लं न्हाई मी, तरी लाल हाय," म्हणाला. पुन्हा हैदराबाद. दुर्बीण घालून मूत्राशयात बघितलं, तिथं गाठ होती. तिचा तुकडा काढून तपासायला दिला. निकाल ऐकायला गेलो तेव्हा अण्णाला एका जागी फार वेळ बसवत नव्हतं, सारखं लघवीला जावं लागायचं. म्हणून पुन्हा मी एकटाच आत.

कॅन्सर होता. तो तर आम्ही धरूनच चाललो होतो. मी विचारलं, कशानं झाला.

डॉक्टरांनी आधी विचारलं, हे बीडी-सिगरेट ओढायचे का. मी म्हणालो, बीडी, पुष्कळ वर्षं. ते म्हणाले, मग ते एक कारण पक्कं धरा, मूत्राशयाच्या कॅन्सरला धूर हे सगळ्यात मोठं ओळखीचं कारण आहे. सोडल्यानंतरही त्याचा धोका लवकर जात नाही. त्यात त्या गोळ्या, त्यांनी शरीराची राखण कमी होते, तेही एक. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तो विषाणू. गाठीच्या पेशींत त्याच्या खुणा दिसल्यात. आधीच्या आजारामुळं संशय होता, म्हणून मीच ती वेगळी तपासणी करायला लावली होती."

"म्हणजे त्यानंच केला?"

"ते मला सांगता येणार नाही. कुणालाच अजून नीट सांगता येत नाही. दोन्हींचा संबंध असावा असं काहींना वाटतं, काहींना वाटत नाही. अभ्यास चालू आहेत. मी एवढंच म्हणेन, की तो तिथं होता." मग म्हणाले, "एक कारण शोधू नका. त्यानं इलाज बदलत नाही. पेशंटला सगळं सांगा, जमेल तेवढं. त्याचा हक्क आहे."

"सांगतो," मी म्हणालो.

खोलीचं दार ते बाक, एवढ्या अंतरात मी ठरवलं होतं की सांगायचं. शब्दसुद्धा जुळवले होते. अण्णा तिथं बसला होता, मांडीवर तो तांब्या, हैदराबादला सुद्धा तो तांब्याच घेऊन यायचा. शेजारच्या म्हाताऱ्याला लिंगाची आणि नर्सची गोष्ट सांगत होता. मला बघून थांबला.

"काय म्हनलं?"

"गाठ आहे. कॅन्सरची."

"ते कळालंच मला. तुझ्या तोंडावर लिव्हलंय." मग त्यानं विचारलं, "पर कशानं?"

मी म्हणालो, "बीडीनं."

एवढंच. पुढची दोन कारणं मी बोललोच नाही. आणि त्याहून वाईट हे, की तो शब्द तोंडातून गेल्यावर मला हलकं वाटलं. डोक्यावरची पाटी उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावी तसं. मी जे दिलं ते निखळ राहिलं, नासवलं ते त्यानं. मला माझी किडनी चांगली हवी होती. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

अण्णा खाली तांब्याकडं बघत राहिला. शेजारचा म्हातारा उठून गेला. मग अण्णा हळू म्हणाला, "मंजे मीच. धाकट्याला मीच धूर पाजला."

त्या वेळी सांगता आलं असतं. गाडीत सांगता आलं असतं. घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्या रविवारी. आज सांगू म्हणत मी दर रविवारी एस.टी.त बसायचो, आणि गंगाखेड आलं की खिडकीतून ऊस बघत मनातलं वाक्य मोडून टाकायचो.

घरात ते कळल्यावर वहिनी रडल्या नाहीत, चिडल्या. "सांगून सांगून तोंड दुखलं माझं. आता भोगा," म्हणाल्या. त्यांचं ते बोलणं मायेचंच होतं, पण अण्णा त्यावर आधीसारखं उलट बोलेना. दुकानात बसेना. कुणी विचारलं, काय झालं हो, तर स्वतःच सांगायचा, "बीडी. माझंच करणं." पानवाल्यानं स्वतःच्या टपरीवर बीडी ठेवणं बंद केलं. गावानं त्याच्यावरून धडा घेतला. आणि माझी मान गावात आणखी उंच झाली. लोक म्हणायचे, एवढी किडनी दिली भावानं, आन् ह्यानं काय केलं बघा.

त्या श्रावणात अण्णाची गाठ एकदा दुर्बिणीतून काढून झाली होती. सोमवारी घरी स्वामींची पाद्यपूजा होती, दरवर्षी असते. भाऊबंद आले होते. पूजा झाली, तीर्थ वाटायचं होतं. अण्णा भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "स्वामी, मला एक बोलायचं हाय. लिंग अंगावर असताना मी धूर घेतला. लय वर्षं घेतला. ते शिवाचं शिव बघून घेईल. पर ह्यानं, माझ्या धाकट्यानं, स्वतःच्या अंगातलं काढून दिलं, त्यापायी ह्याचं लग्न मोडलं, संसार झाला न्हाई, आन् ती चीज मी नासवली." एवढं बोलून तो वाकला. पोटाला हात धरून, हळूहळू. मला वाटलं काही खाली पडलंय, उचलतोय. त्यानं माझ्या पायावर हात ठेवले.

स्वामी म्हातारे, चांगले गृहस्थ. ते म्हणाले, "भावाला माफ कर रे. मनातलं धुऊन निघंल त्याच्या."

आणि मी म्हणालो, "माफ केलं."

वहिनींनी माझ्या ओंजळीत तीर्थ घातलं. ते मी प्यालो. हात डोक्यावरून फिरवला.

नंतर जेवताना अण्णा मोकळा झाल्यासारखा होता. माझ्या पानात पुरणपोळी वाढायला लावली, तूप वाढायला लावलं. मला म्हणाला, "आता कसं बरं वाटायलंय बघ. लय दिवसांचं वझं हुतं." मी मान हलवली. पाणी मागितलं, तर त्यानं आपला तांब्या पुढं केला.

गाठ परत आली. या वेळी डॉक्टर म्हणाले, मूत्राशयच काढून टाकू, पिशवी लावावी लागेल, पण लवकर करू. अण्णा नको म्हणाला. मला वाटलं पिशवीला भितोय. तसं नव्हतं. म्हणाला, "कितीदा कापायचं? केलंय ते भोगतो. धाकट्याला आता उगी तरास न्हाई." पुष्कळ आठवडे तो ऐकायलाच तयार नव्हता. मी त्याच्याजवळ बसून समजावत होतो. सगळं समजावलं, फक्त एक सोडून. अण्णा, हे तुझ्या कर्माचं फळ नाही, निदान तेवढ्याचंच नाही, माझ्या किडनीतूनही काही आलं असेल, डॉक्टर असं म्हणालेत, तेव्हा भोगायचं म्हणून बसू नकोस: एवढं म्हणालो असतो तर तो कदाचित आधी तयार झाला असता. कदाचित नसताही झाला. तो तयार झाला तेव्हा तपासणीत रोग पुढं गेलेला निघाला आणि ते ऑपरेशन झालंच नाही. मी सांगितलं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. मी रोपवाटिकेतला माणूस, मला एवढंच माहीत आहे की मी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवसांत तो पोटावर हात ठेवून बोलायचा. माझ्याशी नाही, धाकट्याशी. "दमला का रे?" म्हणायचा. किडनी शेवटपर्यंत चालत होती.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. अण्णाला मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवलं आणि बोटं मिटवली. खड्ड्यात उतरून त्याला नीट टेकवायला मी होतो. टेकवताना माझा हात त्याच्या पोटाच्या उजव्या बाजूला लागला, तिथं ती टणक जागा अजून तशीच होती. वरून कुणीतरी म्हणालं, चला आता, वर या. मी जिवंत आहे आणि माझा एक तुकडा पालमला मातीत आहे. परभणीला खोलीत एकटा जेवताना हे कधी कधी आठवतं, आणि मग उठून कढीपत्त्याला पाणी घालतो.

दुकान आता वहिनी बघतात. नाव घालायचं मशीन त्याच चालवतात. अक्षर अण्णासारखं नाही, पण गिऱ्हाईक काही म्हणत नाही. मी अजून रविवारी जातो. पूर्वीसारखा नाही, महिन्यातून एखाद्या रविवारी.

मागच्या वेळी गेलो तेव्हा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी तांब्यांची चळत पुसत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू का? तुमी रागवाल."

"काय?"

"आप्रेशनच्या आधीच बीडी सोडली म्हनायचे ना ते, पुरती सोडली नव्हती. सनासुदीला एखादी. मागच्या बोळात. मला वास यायचा. मी बोलले न्हाई. म्हनलं, एखादीनं काय हुतं, माणूस लय सोसतोय. तुमाला सांगायला पायजे हुतं. तुमचं ऐकलं असतं त्यांनी." हातातला तांब्या त्या पुसतच होत्या, तो कधीच पुसून झाला होता. "तुमची किडनी मी घालवली, भाऊजी. त्यांची माफी झाली समद्यांसमोर. माझी कुटं झालीय?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे केस पांढरे झालेत. म्हणालो, "तसं काही मनात आणू नका." त्या म्हणाल्या, "मनात आनू नका म्हनल्यानं जातंय व्हय?" आणि उठून आतून तो तांब्या आणला. 'धाकटा' लिहिलेला. म्हणाल्या, "हे घिऊन जावा. तुमचंच हाय. मला बघवत न्हाई."

मी घेतला. पिशवीत घातला. चहा प्यालो. चारच्या एस.टी.नं निघालो. गंगाखेड आलं, गेलं.

तो तांब्या माझ्या खोलीत ओट्यावर आहे. त्यातून मी पाणी पीत नाही. आधी एका माणसाला मी दोषी ठरवलं आणि त्याला माफ करून टाकलं. आता दुसरं माणूस तोच दोष घेऊन दुकानात बसलंय, आणि त्याच्याही हातातून मी चहा घेऊन आलो. बीडीचा वाटा होता, मोठाही असेल. डॉक्टरांनी ते नाकारलं नव्हतं. पण तो सगळा वाटा नव्हता. उरलेला माझ्या अंगातून गेलेला असू शकतो, नसूही शकतो, आणि हे "असू शकतो" त्या दोघांना कळायला हवं होतं. अण्णाला आता सांगता येत नाही.

वहिनींना येतं. पालमला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, डॉक्टर मला काय म्हणाले होते ते सगळं, एकही कारण न गाळता त्यांना सांगणं, आणि अण्णाला दिलेली ती माफी मला द्यायचा हक्क नव्हता हे त्यांच्याजवळ कबूल करणं, एवढं मी देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.